एज ऑफ हिस्टरी २: नुसता नकाशा रंगवायचा गेम आहे का?

एज ऑफ हिस्टरी २ खेळलेल्या कुणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर येतं. एक तर "एवढ्या पैशात असा दुसरा गेम नाही", नाहीतर "त्यात आहे काय, नुसता नकाशा रंगवायचा". मला पहिलं पूर्ण पटतं. दुसऱ्यात तथ्य आहे पण लोक ते फार घाईत बोलून मोकळे होतात असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लुकाश याकोव्स्की नावाच्या एका पोलिश डेव्हलपरने हा बनवला, मागे कुठली मोठी कंपनी नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा नाव एज ऑफ सिव्हिलायझेशन्स २ होतं, नंतर बदललं, जुने प्लेअर अजून जुन्याच नावाने ओळखतात. स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) मूळ किंमत पाच डॉलरच्या आसपास, मोबाईलवर त्याहून स्वस्त, आणि साध्यातल्या साध्या लॅपटॉपवर सुद्धा चालतो. जगाचा नकाशा, त्याचे छोटे छोटे प्रांत, तुम्ही एक राज्य घ्यायचं आणि टर्न टर्न करत पुढे जायचं, जिंकलेला प्रांत तुमच्या रंगाचा होतो. थ्रीडी सैनिक नाहीत, सिनेमासारखे सीन नाहीत, सैन्य म्हणजे प्रांतावर लिहिलेला एक आकडा.

आणि तक्रारी बहुतेक या आकड्यावरूनच सुरू होतात. तुमचे ५,००० आणि समोर ४,००० तर तुम्ही जिंकणार, डोंगराळ भाग किंवा किल्ला असेल तर समोरच्याला थोडा बोनस, संपलं. घोडदळ वेगळं नाही, तोफा वेगळ्या नाहीत. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ सारखा मोठा, गुंतागुंतीचा स्ट्रॅटेजी गेम खेळून आलेल्या माणसाला हे बघून धक्काच बसतो, आणि त्याचं चूक नाही. पण तो गेम सगळ्या डीएलसीसकट (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) घ्यायचा तर काही हजार रुपये जातात आणि नीट कळायलाच कितीतरी आठवडे लागतात, कॉलेजातल्या पोराने तेवढे पैसे आणि तेवढा वेळ कुठून आणायचा? इथे अर्ध्या तासात सगळं हातात येतं, हा फरक लहान नाहीये. दोन्हींची तुलना करून मार्क देणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं की दोन्ही गेम वेगवेगळ्या माणसासाठी बनलेत.

शिवाय सोपा म्हणजे उथळ, असंही नाही. खरी मजा मूव्हमेंट पॉइंट्समध्ये आहे. दर टर्नला ठरावीकच हालचाली करता येतात, त्यामुळे राज्य मोठं झालं आणि तीन सीमांवर एकदम युद्ध लागलं की सैन्य भरपूर असूनही हलवायला पॉइंट नसतात, मग कुठली सीमा सोडायची ते ठरवावं लागतं. सैन्यभरती पण त्याच पॉइंटमधून. डिप्लोमसीचे पॉइंट वेगळे, ते संपले की मैत्रीही करता येत नाही. बजेटमध्ये कर वाढवला की लोक नाराज, मालावरचा खर्च कमी केला तरी नाराज, संशोधनावरचा खर्च थांबवला की काही टर्नांनी शेजारी पुढे गेलेला असतो. आणि जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही, तिथली लोकसंख्या दुसऱ्यांची असते, त्यांना सामावून घ्यायला पैसा आणि वेळ घालवला नाही तर बंड होतं. ज्यांनी नकाशा भराभर रंगवलाय त्यांना ही बंडं चांगली माहीत असणार.

एआयबद्दलची, म्हणजे बाकीची राज्यं चालवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. कधी कधी कारण नसताना युद्ध पुकारतं, आणि एकदा तुम्ही पुरेसे मोठे झालात की पुढचा सगळा खेळ म्हणजे नुसतं क्लिक करत राहणं, थरार संपलेला असतो. त्यामुळे जिंकायची वेळ आली की मी पुष्कळदा सोडून देतो आणि दुसरं एखादं छोटं राज्य घेतो. त्यापेक्षा हॉटसीट भारी, म्हणजे एकच फोन आळीपाळीने फिरवत खेळायचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं बसतो तेव्हा माझा मावसभाऊ आमच्याशी तह करतो आणि फोन त्याच्या हातात गेला की तिकडे सैन्य सीमेवर आणून ठेवतो, हे कुठल्याही एआयला जमणार नाही.

पण मला हा गेम आवडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एडिटर. स्वतःचं राज्य बनवा, झेंडा बनवा, सीमा आखा, कुठलं साल हवं ते घ्या. आता मराठी पोराच्या हातात एवढी मोकळीक दिल्यावर तो काय करणार! मी १७५८ चा हिंदुस्थान आखायला घेतला, राघोबादादांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या ते साल. आणि तिथे या गेमचा साधेपणा नेमका कुठे पुरतो आणि कुठे कमी पडतो ते मला पहिल्यांदा नीट दिसलं.

शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचं काय करायचं? सगळं पुण्याच्या एकाच रंगात टाकलं तर ते खरं नाही, वेगळी राज्यं केली तर तेही खरं नाही. गेममध्ये व्हॅसल म्हणजे मांडलिक करायची सोय आहे, ते खंडणी देतात आणि स्वतःच्या डोक्याने चालतात, म्हणून मी सरदारांना मांडलिक केलं आणि ते बऱ्यापैकी जमलं सुद्धा. पण चौथाईचं काहीच करता आलं नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, म्हणजे मुलूख कागदोपत्री दुसऱ्याचा, पण महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा आपला. निजामाच्या मुलखात एकाच गावातून त्याची माणसंही वसूल करायची आणि मराठ्यांचीही. आता हा प्रांत कुठल्या रंगात रंगवायचा? गेममध्ये प्रांताला मालक एकच. आपलं अठरावं शतक अर्ध्याहून जास्त या दुहेरी मालकीवर उभं आहे, आणि ते या नकाशात मावतच नाही.

पानिपतचंही तेच. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि भाऊसाहेबांचा दिल्लीशी संबंध तुटला, मग दोन महिन्यांहून जास्त दिवस दोन्ही फौजा समोरासमोर, गोविंदपंत बुंदेले शत्रूची रसद मारता मारता डिसेंबरात पडले, छावणीत उपासमार, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाई. इथे गेममध्ये रसद तोडणं हा प्रकारच नाही, सैन्य कुठेही उभं करा, त्याचा खर्च तिजोरीतून जात राहतो, बस. म्हणजे माझ्या सिनॅरिओत (एडिटरमध्ये आखलेल्या डावात) पानिपत म्हणजे दोन आकडे एकमेकांवर आपटले आणि मोठा उरला. रामशेजसारखा किल्ला मूठभर माणसं वर्षानुवर्षं लढवतात तेही इथे होत नाही, किल्ल्याचा बोनस संपला की ती माणसं एका टर्नात गेली. यावर कुणी म्हणेल की मग गेम वाईट. मी म्हणेन की हे सगळे प्रश्न मला त्या एडिटरनेच पाडले, पुस्तकातला नकाशा बघताना सीमारेषा जशी छापली असेल तशी मी मान्य करत होतो, स्वतः आखायला बसल्यावर कळलं की कितीतरी ठिकाणी रेषा नव्हतीच.

२०२४ मध्ये एज ऑफ हिस्टरी ३ आला. तो टर्नवर नाही, वेळ आपोआप पुढे सरकते, लढायाही जास्त बारकाईच्या, सैन्याचे प्रकार वेगवेगळे. यावरून लोकांचे दोन तट पडलेत, काहींना हेच हवं होतं आणि काही म्हणतात की आता हा बाकीच्या मोठ्या गेमसारखा व्हायला लागला. मी सध्या जुन्या, दुसऱ्या भागाच्याच बाजूने आहे, कारण टर्न संपवायच्या आधी थांबून विचार करायला मिळतो आणि एकच फोन चौघांत फिरवता येतो.

नवीन घेणार असाल तर सुरुवातीला मोठं साम्राज्य घेऊ नका. चार-पाच प्रांतांचं एखादं राज्य घ्या, एका शेजाऱ्याशी अनाक्रमणाचा करार करून टाका आणि पहिले काही टर्न युद्धाऐवजी पैसा अर्थव्यवस्थेत घाला. आणि कुणी मराठेशाहीचा सिनॅरिओ बनवला असेल, चौथाईवर काही तोड काढली असेल, तर कमेंटमध्ये नक्की सांगा. मी निजामाला मांडलिक करून खंडणी लावून बघितली, पण मग तो आपल्याविरुद्ध १७६० मध्ये उदगीरला उभाच राहत नाही.