वाटी-चमचा

दुपारी साडेतीनला जाग आली ती ब्लाउज ओला झाला म्हणून. सलग तीन तास झोपले होते, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. चिऊ पाळण्यात गाढ झोपलेली, ओठाच्या कडेला पांढरं. आणि ओट्यावर माझ्याच लहानपणीची वाटी नि चमचा, धुऊन पालथे घातलेले.

"रडत होती गं. तू दमलेलीस. थोडंसंच दिलं वरचं," आई म्हणाली.

मला उठवायचं तरी.

दोन महिने हळिवाचे लाडू, डिंक, शेपू, सगळं निमूट खाल्लं. वजन नीट भरतंय, दिवसाला सात-आठ दुपटी ओली होतात. डॉक्टरांनी बजावलंय, सहा महिने फक्त अंगावरचं, वरून पाणीसुद्धा नको. तरी बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावायच्या आधी मला विचारत होत्या, "पुरतं ना गं?" चिऊ रडली की पुरत नाही. जास्त झोपली तरी पुरत नाही. ह्यांच्या आईंचं सोडा, तो विषयच नको. पण आज माझ्याच आईनं?

छाती दगडासारखी झाली होती. मोरीत उभी राहून पिळून टाकत होते नि रडत होते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे, आयांनी दिलेलं दूध तिथं कमी दिवसांच्या बाळांना पाजतात. आणि माझं मोरीत चाललेलं.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या वेळी माझं पहिलं पिवळं दूध असंच पिळून टाकायला लावलं. बाळाला जड पडतं म्हणे. तीन दिवस तुला मध चाटवला, मग वाटी-चमचा. मला दूधच नाही म्हणायच्या सगळ्या."

गाय व्याली की तिचा चीक शेजारीपाजारी वाटतात, आपण खरवस करून खातो. बाईचा चीक मात्र फेकायचा. मी आईला म्हटलं, अगं, पोर जितकं ओढतं तितकं दूध उतरतं. तीन दिवस मला अंगावर घेऊच दिलं नाही, तर येणार कुठून?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे होतं मला."

एकतीस वर्षं. मला एका दुपारचं इतकं लागलं.

तरी उठवायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. तिला तसं सांगितलं. "बरं, उठवीन," म्हणाली, आणि पाजायला बसले तर पाठीशी उशी आणून लावली. मग तिथंच बसून राहिली, चिऊच्या गिळण्याचा आवाज ऐकत.

वाटी ओट्यावरच आहे. तिनं आत ठेवली नाही, मीही ठेव म्हटलं नाही.

चुळबुळ सुरू झाली. उठते.