डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन : मागे सहा हजार पौंडांचा ट्रेलर

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की तासाभरातच रॉकी पर्वताचा मोठा चढ लागतो. आम्ही चौघं, हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातली) पिकअप आणि मागे २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर. म्हणून पहिला थांबा शहराबाहेरच्या ट्रक स्टॉपवरचा वजनकाटा.

जाहिरातीत पिकअप ९-१० हजार पौंड ओढते असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण हाफ-टन गाडीत आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर वाहायचा भार. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीवर १,५४० पौंड. भरलेला ट्रेलर ६,२०० पौंड, म्हणजे सुमारे २,८०० किलो. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, यायला हवा. १३ टक्के धरले तर ८०६ पौंड. चार माणसांचे ५६० आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (ताणलेल्या बारांनी बॉलवरचा काही भार पुढच्या चाकांकडे वाटणारी जोडणी) ९०. बेरीज १,४५६, उरले ८४ पौंड. एवढ्यात जनरेटर आणि कूलर दोन्ही पिकअपमध्ये बसत नाहीत. कूलर ट्रेलरमध्ये, चाकांच्या बरोबर वर ठेवला.

काट्यावर तीन वेळा वजन करावं: हिचचे बार ताणून, बार सैल सोडून आणि ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपचं. बार सैल असताना पिकअपचं वजन जितकं वाढलेलं दिसेल, तोच बॉलवरचा खरा भार. बार ताणलेले असताना पुढच्या एक्सलवरचं हरवलेलं वजन बरंचसं परत आलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलकं होतं आणि पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत. मागच्या एक्सलची मर्यादाही त्याच चौकटीवर असते, तीही ताडून पाहावी. पाण्याची टाकी रिकामी ठेवली. ४० गॅलन पाण्याचं वजन ३३० पौंडांच्या वर जातं, आणि टाकी एक्सलच्या मागे असेल तर बॉलवरचा भार कमी होऊन ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

निघण्याआधी ट्रेलरच्या तोंडाचा कपलर बॉलवर बसवून लॅच लावली आणि जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं वर उचललं. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली, म्हणजे कपलर खरोखर अडकला आहे. साखळ्या खालून एकमेकींना छेदून अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर तो रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल साखळीला नाही, पिकअपलाच बांधायची. ट्रेलरच्या टायरवरचा चार आकडी कोडही वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर या टायरांवर मी विश्वास ठेवत नाही. आणि पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे.

पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा गेन (ब्रेकचा जोर) रिकाम्या सपाट रस्त्यावर, ताशी २५ मैलांच्या वेगात लावला. कंट्रोलरवरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर ट्रेलरची चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे राहिली पाहिजेत.

जॉर्जटाउननंतर चढ खरा जाणवतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते, त्यामुळे ११ हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांश गेलेली असते. उजव्या लेनमध्ये, टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचे ठेवणारी सेटिंग) लावून, कूलंटच्या काट्यावर नजर ठेवून ताशी ४० मैलांच्या वेगाने चढायचं. घाईचं इथे काहीच काम नाही.

आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा लांबच लांब उतार. कसारा घाटात एसटीचा चालक गिअर पाडून उतरतो, तेच इथे करायचं, आणि तेही बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच. इंजिन ३,५०० ते ४,००० फेऱ्यांवर ओरडतं, ते ओरडू द्यावं. वेग ५० कडे सरकला की ब्रेक ठामपणे दाबून ४० वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पाय हलका टेकवून ठेवला की पॅड तापत राहतात, जळका वास येतो आणि थोड्या वेळाने ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. सुटलेल्या ट्रकांसाठी वाटेत खडीचे चढाव बांधलेले आहेत, ते याच कारणाने.

व्हेल पासनंतर पुन्हा तसाच उतार. ग्लेनवूड कॅन्यनमध्ये वळणांमुळे वेग आपोआप कमी राहतो. पुढे मोकळ्यावर आल्यावर बाजूचा वारा आणि ओलांडून जाणारे मोठे ट्रक ट्रेलरला ढकलतात. ट्रेलर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. चाक सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागचा भार मागे खेचला गेला की रांग सरळ होते. मग थांबून कारण शोधायचं. बहुतेकदा सामान मागे सरकलेलं असतं.

प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरच्या चाकांचे चारही हब (चाकाचा मधला भाग) तपासले. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक समजावा.

ग्रँड जंक्शनच्या कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर सोडण्याचा क्रम: आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, मग जॅकने तोंड उचलून बार सैल, मग कपलर, आणि साखळ्या सर्वांत शेवटी.