शोनब्रुनच्या भिंतीवर मुघल

व्हिएन्नाला गेलं की शोनब्रुनचा राजवाडा होतोच, टूरवाले तर बस दाराशी उभी करतात आणि दोन तासांत परत या म्हणतात. दोन तासांत तिथे काय होणार, कपाळ! आम्ही आमचे आमचे गेलेलो, मी, नवरा आणि आई, त्यामुळे अख्खा दिवस दिला, तरी प्राणिसंग्रहालय राहिलंच म्हणून आई अजून कुरकुरते. (१७५२ चं आहे, आजही चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं. तिकीट वेगळं.)

हा ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याचा उन्हाळ्यात राहायचा राजवाडा. मूळची शिकारीची जागा, मग मारिया तेरेसा राणीने तो वाढवून आत्ता दिसतो तसा करून घेतला. खोल्या १४४१. तिला पोरंही सोळा, त्यामुळे लागतच असणार म्हणा. आपल्याला त्यातल्या चाळीसेकच बघायला मिळतात, आणि गंमत म्हणजे काही भागात आजही लोक भाड्याने राहतात, हे कळल्यावर आईने ताबडतोब "भाडं किती असेल गं?" विचारलं.

तिकीट ऑनलाइनच काढा, आत जायची वेळ ठरवून देतात. आणि छोटं-मोठं असे प्रकार असतात त्यातलं मोठंच घ्या, का ते सांगते.

सुरुवातीला याच घराण्यातल्या फ्रान्झ योझेफ बादशहाच्या खोल्या. हा बाबा १८३० मध्ये याच वाड्यात जन्मला, ६८ वर्षं राज्य केलं आणि १९१६ मध्ये इथेच गेला, आणि झोपायचा कशावर तर साध्या लोखंडी पलंगावर. पहाटे उठून कामाला बसायचा म्हणे. आईला तो एकदम पसंत पडला. मला मात्र तिथल्या खोली तापवायच्या शेगड्या जास्त आवडल्या. कोपऱ्यात चिनीमातीची उंचच उंच पांढरी-सोनेरी शेगडी, आणि पुढून लाकूड घालायला तोंडच नाही. कारण नोकर भिंतीमागच्या बोळातून मागच्या मागे लाकडं सारायचे, म्हणजे राख नको, धूर नको आणि नोकरही दिसायला नको. एवढ्या झगमगाटामागे कोण तरी त्या बोळात घामाघूम होऊन उभं असायचं, हे एकदा डोक्यात आलं की मग पुढच्या प्रत्येक खोलीत आधी शेगडीच दिसते.

आता मोठं तिकीट का, तर मिलियन रूमसाठी. एवढा खर्च झाला की नावच ते पडलं. भिंती लाकडी, त्यावर सोनेरी वळणावळणाच्या फ्रेमा, साठ, आणि प्रत्येकीत बारीक चित्रं. मी आपली चिनी असतील म्हणून पुढे सरकत होते (कारण आधी चिनी खोल्या होऊन गेलेल्या) तेवढ्यात नवरा म्हणाला अगं थांब, पगड्या बघ, जामे बघ, हे तर मुघल! खरंच मुघल. बादशहांच्या आयुष्यातले प्रसंग, आपल्याकडची अस्सल लघुचित्रं. पण फ्रेमा वेड्यावाकड्या, त्यात चौकोनी चित्र बसेना, मग राजघराण्यातल्या मंडळींनी काय करावं? ती चित्रं कापली. इकडची माणसं उचलून तिकडे चिकटवली आणि नवीन चित्रं जुळवली, शाळेतल्या चिकटवहीसारखी.

मला आधी राग आला. खारीच्या केसांच्या ब्रशने एकेक पापणी रंगवणाऱ्या कोणा चितार्‍याच्या कामावर कात्री? चित्राप्रमाणे फ्रेम करतात की फ्रेमप्रमाणे चित्र? पण हेही खरं की आम्ही सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढला, मागची रांग खोळंबली तरी हललो नाही. जोड कुठे दिसतोय ते शोधायचा नादच लागतो.

बाग मात्र फुकट, आणि माझं ऐकाल तर वाड्याइतकाच वेळ तिला द्या. व्हिएन्नाचे लोक तिथे सकाळी जॉगिंग करतात. झाडं दोन्ही बाजूंनी अशी कातरलेली की हिरव्या भिंतींमधून चालल्यासारखं वाटतं, पुढे नेपच्यूनचं कारंजं आणि मग टेकडीवर १७७५ चा ग्लोरिएट, म्हणजे खांबा-कमानींचा मोठा मंडप. चढ वळणावळणाचा आहे, आईचे गुडघे दुखत असूनही ती चढली, वर कॅफे आहे या एका आशेवर. ॲपल स्ट्रूडल खाल्लं, महाग होतं, पण खालचा पिवळा वाडा आणि मागे अख्खं शहर बघत बसलं की पैशाचं काही वाटत नाही.

बागेत एक रोमन भग्नावशेषही आहे, पडके खांब, अर्धी कमान, सगळं. तो १७७८ मध्ये भग्नच बांधला! म्हणजे मुद्दाम, नवा कोरा पडका. आमच्याकडे पडायला आलेलं डागडुजी करायला पैसे नाहीत आणि यांची ही हौस.

परतताना गर्दीच्या शोनब्रुन स्टेशनऐवजी पुढच्या हिट्झिंगला जा, मेट्रोची यू-४ लाइन तीच. तिथे फ्रान्झ योझेफ बादशहासाठी ओटो वॅगनर या वास्तुविशारदाने १८९९ मध्ये खास वेगळं स्टेशन बांधलंय, घुमटबिमट असलेलं. बादशहाने ते वापरलं फक्त दोनदा.