डावा हात

रविवार, रात्र

आज ताई घोड्यावर बसली.

पहाटेच्या लोकलने निघालो. प्रभादेवी आलं तशी ती गप्प झाली. टाटाला जाताना सव्वा वर्ष आम्ही इथेच उतरायचो. केमोनंतर परतताना तिला जिना चढवायचा म्हणजे चारदा थांबावं लागायचं. आज गाडी पुढे गेली. लोअर परळ, मग महालक्ष्मी.

रेसकोर्स 1883 पासून इथे आहे, आमचा सगळा जन्म मुंबईत गेला, पण आत पाय ठेवला तो आजच. कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांच्या मदतीसाठी घोडेस्वारांची फेरी होती. स्वारांनी ओळखीपाळखीत फिरून देणग्या जमवल्या होत्या, आणि हा पैसा उपचार संपल्यानंतरच्या गरजांसाठी आहे. मला हे फार मोलाचं वाटलं. ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक धावून येतात, डबे येतात, कुणी न मागता उशाशी पाकीट ठेवून जातं. मग रिपोर्ट चांगला येतो आणि सगळ्यांच्या लेखी विषय मिटतो. काखेतल्या गाठी काढल्यापासून ताईचा डावा हात सुजतो. त्या हाताने बादली उचलायची नाही, सुई टोचून घ्यायची नाही, बीपीसुद्धा उजव्याच हातावर. दिवसभर दाब देणारी घट्ट बाही घालायची, ती सैल पडली की नवी घ्यायची. ताई एकच बाही दीड वर्ष वापरत होती, आम्हाला न सांगता. कळलं तेव्हा मला रडू आवरेना.

स्वारांचं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून आलेल्यांना एकेक चक्कर मिळाली. ताईच्या वाट्याला शर्यतीतून निवृत्त झालेला तपकिरी घोडा आला. मोतद्दार काका साताऱ्याकडचे.

"ताई, लगाम ओढायचा नाही, नुसता धरायचा. त्याला हात समजतो."

तिने उजवा हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी," काका म्हणाले.

बाहीतून बाहेर आलेली तिची फुगीर बोटं लगामावर मिटली. घोड्याने एक कान तिच्याकडे वळवला आणि चालू लागला. काका दोरी धरून बाजूने, मी कठड्याला धरून उभी. मऊ मातीत टापा जवळजवळ ऐकूच येत नव्हत्या.

उतरल्यावर ती त्याच्या मानेवर तळहात ठेवून बराच वेळ उभी होती. डावा तळहात.

"किती ऊब आहे गं याला," म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने पर्समधून टेप काढली आणि नव्या बाहीचं माप माझ्याकडून घेववलं. मनगट, कोपर, दंड.