कोहलर के-३०१: हेड परत बसवण्याआधी आणि बसवताना

साठ-सत्तरच्या दशकातले अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे कब कॅडेट, व्हील हॉर्स, जॉन डीअर, यांच्या बॉनेटखाली बहुतेक वेळा कोहलरचं के मालिकेतलं एक-सिलिंडर इंजिन सापडतं. त्यातलं १२ हॉर्सपॉवरचं के-३०१ इथे धरलं आहे. बोअर ३ ३/८ इंच, स्ट्रोक ३ १/४ इंच, ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं.

आपल्याकडच्या डिझेल पंपाच्या इंजिनाचं हेड उतरवलं की वॉल्व्हही त्याच्याबरोबर हातात येतात. इथे तसं नाही. हे साइड वॉल्व्ह इंजिन आहे, त्यामुळे दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, पिस्टनच्या शेजारी उभे असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण. म्हणूनच हेड काढून, नवं गॅस्केट टाकून तसंच बंद करणं हा शुद्ध आळस आहे. झाकण उघडलंच आहे तर काजळी, वॉल्व्ह आणि सपाटी ही तीन कामं करूनच बंद करा. गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं त्याचं कारण बहुधा या तिन्हींतच असतं, गॅस्केट बिचारं बदनाम होतं.

हेडचे बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढा, भोकं पाडा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचा. काही बोल्टांवर पत्र्याचे किंवा टाकीचे ब्रॅकेट बसतात, त्यांची लांबी वेगळी असू शकते. बोल्ट ३/८ इंची, जाड आट्यांचे (इंचाला १६), डोकं ९/१६ चं. चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा सैल बसून कंगोरे गोल करतो. इंची पानेच घ्या.

जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. वायर ब्रश लावून त्याची धूळ उडवू नका. ओलं करा, मग प्लॅस्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा. पिस्टन अगदी वर आणून त्याच्या कडेने ग्रीसची रेघ फिरवली की पडणारी काजळी ग्रीसमध्ये अडकते, रिंगांकडे उतरत नाही. नंतर पिस्टन थोडा खाली घ्यायचा आणि सिलिंडरच्या भिंतीवर राहिलेलं काळं ग्रीस फडक्याने पुसून काढायचं. हेडच्या आतल्या बाजूला लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावू नका. अॅल्युमिनियमवर ओरखडा चटकन पडतो आणि गॅस्केटच्या जागेवर पडला तर तिथूनच गळती सुरू होते.

आता सपाटी. हेड उलटं ठेवा, त्यावर स्टीलची सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरा आणि खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पातींचा संच) सरकवून पाहा. तीन थाऊ, म्हणजे ०.००३ इंचाची पात कुठेही आत गेली तर हेड वाकलेलं आहे. थोडंच वाकलं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, थोडं तेल टाकून हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. दर थोड्या वेळाने हेड नव्वद अंशांत वळवा, नाहीतर हाताचा जोर एकाच कडेला पडतो. आधी पृष्ठभागावर मार्करने जाळी काढली असेल तर पुसली न गेलेली शाई खोलगट जागा दाखवते. फार वाकलेलं हेड मशीनवर द्यावं, पण वाटेल तेवढं कापायला सांगू नये. वॉल्व्ह उघडतात ते याच हेडच्या पोकळीत, आणि फार कापलं तर ते छताला आपटतील.

ब्लॉककडेही पाहा. वर्षानुवर्षं पिळलेल्या बोल्टांमुळे भोकाच्या तोंडाशी बीड वर ओढलं गेलेलं असतं. त्या उंचवट्यावर गॅस्केट टेकतं आणि बाकीच्या भागावर दाब कमी पडतो. सपाट ऑइलस्टोन फिरवला की उंचवटा चमकून दिसतो, तेवढाच काढा. प्रत्येक भोकात ३/८-१६ चा टॅप हाताने फिरवा आणि कचरा हवेने उडवून टाका. आटे गेलेले असतील तर आताच हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, टाका. हेड बसवल्यावर शेवटचा बोल्ट फिरतच राहिला की सगळं पुन्हा उघडावं लागतं.

वॉल्व्हवर मात्र वेळ काढा. ग्राइंडिंग पेस्ट लावून प्रत्येक वॉल्व्ह सीटवर घासा, सगळीकडे सारखी करडी रेघ आली पाहिजे. रेघ कुठे तुटली तर वायू तिथून निसटतो, एक्झॉस्टचा वॉल्व्ह त्याच जागी जळतो. पेस्टचा कण न् कण धुऊन काढा. तो सिलिंडरमध्ये गेला तर रिंगा खातो.

मग टॅपेटचा गॅप, म्हणजे वॉल्व्हची दांडी आणि तिला खालून ढकलणारा टॅपेट यांच्यातली फट, इंजिन थंड असताना. इनटेकला ८ ते १० थाऊ, एक्झॉस्टला १७ ते २०. एक्झॉस्टचा वॉल्व्ह जास्त तापतो, त्याची दांडी जास्त लांबते, म्हणून त्याला दुपटीने जागा. गॅप कमी राहिला तर गरम इंजिनात वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. फार ठेवला तर टकटक होते, शिवाय आणखी एक भानगड आहे. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर बहुधा ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज असतं. स्टार्ट करताना ते एक्झॉस्टचा वॉल्व्ह किंचित उचलून धरतं, म्हणजे स्टार्टरवर ताण येत नाही. गॅप मोठा ठेवला की ही उचल गॅपमध्येच खर्च होते आणि इंजिन स्टार्ट करताना उलटा झटका देतं.

गॅप पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असतानाच मोजायचा. फ्लायव्हीलवर ‘टी’ची खूण आहे, पण ती दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. कोणती खरी हे पॉइंट्स, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी देणारे इग्निशनचे संपर्क, सांगतात. ते कॅमवरून चालतात, त्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच, कॉम्प्रेशनच्या शेवटाला उघडतात.

गॅप झाला की टॅपेटच्या खोलीचं झाकण, म्हणजेच ब्रीदर. त्यातली रीड, म्हणजे पातळ झडप, खालच्या पट्टीवर चपखल बसली पाहिजे, खाली फट राहिली तर इंजिन तिथून तेल फेकतं. लोक त्याचा दोष रिंगांना देतात.

आता हेड. नवं गॅस्केट कोरडं टाका, सीलंट नको. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचा हात, ओघळ नव्हे, आणि कडक स्टीलचे वॉशर. कोरडं डोकं अॅल्युमिनियमला चावतं, पान्याचा जोर घर्षणातच जातो, टॉर्क रेंच ‘झालं’ म्हणतं आणि बोल्ट सैलच असतो. सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा. मग मधून सुरुवात करून समोरासमोरचे बोल्ट घेत बाहेर या. पहिला फेरा १० फूट-पाउंड, दुसरा २०, शेवटचा २५ ते ३० च्या मध्ये, म्हणजे ३४ ते ४१ न्यूटन-मीटर. एखादा बोल्ट फिरतोय पण टॉर्क वाढत नाही असं जाणवलं तर तिथेच थांबा. एक तर बोल्ट ताणला गेलाय किंवा आटे सुटताहेत.

प्लगचा गॅप ३५ थाऊ, टॉर्क १८ ते २२ फूट-पाउंड. थंड हेडमध्येच बसवा, गरम अॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

हवा वळवणारे पत्रे विसरू नका. जुन्या ट्रॅक्टरांत ते कुणीतरी काढून फेकलेले असतात, कारण त्यांच्याशिवायही इंजिन चालतं. पण मग पंख्याची हवा हेडवर न जाता इकडेतिकडे जाते, एक्झॉस्टची बाजू तापते आणि हेड पुन्हा वाकतं. फिनांमधला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ कडांमधला, गवताचा भुसाही तेच करतो.

कॉम्प्रेशन गेज लावून आकडा शोधत बसू नका, रिलीजमुळे तो खोटाच येतो. फ्लायव्हील हाताने उलटं फिरवा. चांगल्या इंजिनात ते अडतं आणि जोराने परत उसळतं.

पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. मग त्याच क्रमाने टॉर्क पुन्हा तपासा. गॅस्केट दबलेलं असतं, त्यामुळे एक-दोन बोल्ट थोडे फिरतातच. हे गरम इंजिनावर करू नका. अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं, त्यामुळे गरम असताना बोल्ट आधीच ताणलेले असतात आणि रेंच जे दाखवतं ते खरं नसतं. पुढे काही तास गवत कापून झालं की एक्झॉस्टकडच्या हेड-ब्लॉकच्या सांध्यावर टॉर्च मारा. काळी, कोरडी रेघ दिसली तर वायू निसटतोय. आधी थंड इंजिनावर टॉर्क पाहा, तो बरोबर असेल तर हेड उतरवा आणि सरळ पट्टी पुन्हा धरा.