वासोटा शीट: काठावरची भिंत पडली

वासोटा किल्ल्याच्या परिसराचा नकाशा करतोय, गेल्या वेळी त्यात शिवसागरच्या (कोयना जलाशयाच्या) काठावर अडकलो होतो. काल रात्री ६८०ची कंटूर (६८० मीटर उंचीची समोच्च रेषा) एकदाची मागे सरकली!

जलाशयाची पूर्ण पातळी ६५९ मीटरच्या जरा वर, त्यामुळे ६६०ची रेषा काठाकाठाने जाणार हे ठीकच. पण पायथ्याच्या मेट इंदवलीच्या बाजूला ६८० तिला इतकी चिकटून बसली होती की पाण्यातून भिंतच उठलेली दिसायची. लाँचमधून उतरून मारुतीच्या देवळापर्यंत चाललेल्यांना माहीत आहे, रान दाट आहे, पण चढ कसला? डीईएम (उंचीचं डिजिटल मॉडेल) जमिनीऐवजी शेंड्यांची उंची देत होता. एसआरटीएम या जुन्या डीईएमचं सी-बँड रडार पानोळ्यात थोडं तरी शिरतं. कोपर्निकस या नव्या डीईएममागचं टॅनडेम-एक्स उपग्रहांचं एक्स-बँड त्याहून कमी. म्हणून नवा, स्वच्छ डीईएम घेतल्यावर भिंत उलट उंच झाली.

मग कॅनोपीच्या (झाडांच्या छताच्या) उंचीचा रास्टर, म्हणजे पिक्सेलचा थर, सरळ वजा केला. त्यात पंधरा दिवस गेले. रान संपून सडा सुरू होतो तिथे एका पिक्सेलचा जरी घोळ झाला, तरी उघड्या कातळातून पंधरा मीटर वजा होतात. सड्यांच्या कडेने खड्ड्यांची माळच तयार झाली.

शेवटी फॅबडेम उतरवला. ब्रिस्टल विद्यापीठाने २०२२मध्ये कोपर्निकसमधून झाडं आणि इमारती काढून केलेला. व्यापारी वापराला बंदी आहे, आपल्याला काही अडत नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंटूर काढल्या आणि ६८० रानात आत गेली, ओढ्यापाशी सुरेख ‘व्ही’ करून. तो ‘व्ही’ किती वेळा झूम करून पाहिला! सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट ४७ जी/१०शीही जुळला. (ताडताना जुन्या शीटचा एव्हरेस्ट डेटम (मोजणीची चौकट) आधी बदला, नाहीतर सगळं शंभरेक मीटर सरकलेलं दिसेल.)

कोकणाकडचा कडा मात्र अजून हट्टाला पेटलाय. १:२५,०००ला ६० अंशांच्या उतारावर २० मीटरच्या दोन रेषांत अर्धा मिलिमीटरही उरत नाही, आणि पिक्सेल ३० मीटरचा. बाबू कडा त्यात पार विरघळतो. सगळीकडे २०च्याच रेषा ठेवायच्या असं ठरलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय, तिथे फक्त १००च्या जाड रेषा ठेवाव्यात आणि कडा हाताने रेखावा, जुन्या शीटवर असतो तसा. मग हिलशेडही (डोंगरांची छाया) फिका करावा लागेल.

छपाई मॅट कागदावरच. मागच्या प्रिंटला चकचकीत कागद मिळाला आणि तपकिरी रेषा चमकेत हरवल्या. आधी नागेश्वरच्या धारेचा तुकडा हाताने रेखून बघतो.