ताई, साहेब आणि आठ वर्षांचा दादा

मी लंडनमध्ये बॅरिस्टर आहे, नोकरीचे कायदे आणि मानवी हक्क हेच काम. बऱ्याचशा केसेस कागदांवरच ठरतात, बंडलमधलं कुठलं पान कुणी नीट वाचलं यावर. पण २०१८ मधली एक केस एका मराठी शब्दावर येऊन अडकली, आणि गंमत नाही, खरंच पोटात गोळा आला होता, कारण तिथल्या दोन वकिलांत तो शब्द कळणारी मी एकटी आणि मलाच तो समजावून सांगता येत नव्हता.

माझ्या अशील बाई पंचेचाळीशीच्या (नाव नाही सांगत, बारीकसारीक तपशीलही बदललेत), २०११ मध्ये एका मराठी कुटुंबाबरोबर घरकामाच्या व्हिसावर आलेल्या. सकाळी सहाला उठायचं, डबे, मुलांची शाळा, धुणं, इस्त्री, रात्रीचा स्वयंपाक, पाहुणे असले की अकरा-साडेअकरा, मग ओटा पुसून झोपायचं. हातात पडणारे पैसे तासांनी भागले तर तासाला एक पाउंडसुद्धा होत नव्हता. एप्रिल २०१८ पासून पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्यांना किमान वेतन होतं तासाला ७.८३ पाउंड. २०१३ पासून ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टात, नुसत्या पगाराच्या दाव्यालाच ३९० पाउंड फी पडायची, जुलै २०१७ मध्ये युनिसन या कामगार संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदेशीर ठरवली, आणि बाई नोकरी सोडून बाहेर पडल्या ऑक्टोबरमध्ये. आधी पडल्या असत्या तर ते पैसे कुठून आणले असते कोण जाणे.

आता वाटेल की यात वाद कसला, तासाचे पैसे द्या आणि मिटवा. पण तेव्हा किमान वेतनाच्या नियमांमध्ये ५७ वा नियम होता. मालकाच्या घरात राहणाऱ्या माणसाला घरच्यासारखं वागवत असतील, म्हणजे राहणं, जेवण, घरातली कामं वाटून घेणं, फिरणं-करमणूक यात, तर त्याला किमान वेतन लागूच नाही. मुळात डोळ्यासमोर होत्या परदेशातून येऊन कुटुंबात राहणाऱ्या, मुलं सांभाळून भाषा शिकणाऱ्या तरुण मुली. पण त्याचा आडोसा घेतला बाकीच्या मालकांनी. वर २०१२ चा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल आमच्या विरोधात, कामं समान वाटलेली असायची गरज नाही म्हणणारा. म्हणजे सगळी केस एकाच प्रश्नावर, बाई घरच्या होत्या का?

उलटतपासणीत समोरच्या वकिलाने अगदी हळू, सभ्यपणे विचारलं, मालकीणबाईंना तुम्ही काय म्हणायचात? बाई म्हणाल्या, ताई. ताई म्हणजे काय? दुभाष्याने सांगितलं, मोठी बहीण. बरोबरच होतं ना ते, चूक काढायला जागाच नाही. जजनी लिहून घेतलं. मग त्या वकिलाने दिवाळीचा एक फोटो दाखवला, बाई नव्या साडीत, सगळ्यांच्या मधोमध, हसतायत. आणि लगेच लंच.

इथला एक नियम सांगायला हवा. साक्षीदार साक्षीच्या मध्यावर असेल तर त्याच्या स्वतःच्या वकिलालासुद्धा त्याच्याशी केसबद्दल बोलता येत नाही, आणि आधीही उत्तरं पढवता येत नाहीत. मी नेहमी या नियमाच्या बाजूने बोलते, आजही बोलेन, पण त्या दिवशी बाई कॉरिडॉरच्या टोकाला खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या, न उघडता, आणि माझ्याकडे बघत होत्या की माझं काही चुकलं का, आणि मी नुसती मान हलवून आत गेले. सँडविच गिळवेना. सांगलीला आमच्याकडे धुण्याभांड्याला यायच्या त्यांना मी मावशी म्हणायचे. त्यांचा कप वेगळा होता, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. मावशी म्हणजे आईची बहीण, दुभाष्याने हेच सांगितलं असतं.

लंचनंतर फेरतपासणी, म्हणजे उलटतपासणी झाल्यावर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारणं. त्यात मला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत आणि उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्याबाहेर जाता येत नाही, पण हाका मारण्याचा मुद्दा त्यांनीच काढला होता.

मी विचारलं, घरात बाकीच्यांना काय म्हणायचात?

"ताईंच्या मिस्टरांना साहेब."

मुलांना?

"दादा आणि दीदी."

दुभाषा एक क्षण थांबला, मग म्हणाला, मोठा भाऊ, मोठी बहीण. जजनी मान वर करून स्वतःच विचारलं, हा मोठा भाऊ किती वर्षांचा? बाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाल्या, "मी आले तेव्हा आठचा होता."

जजनी पेन खाली ठेवलं. मी शेवटचं विचारलं, फोटो काढून झाल्यावर काय झालं? "मी भजी तळायला आत गेले. मग सगळ्यांचं झाल्यावर जेवले." कुठे? "ओट्यापाशी. नेहमी तिथेच."

निकाल सहा आठवड्यांनी आला. पगारात कमी दिलेले पैसे ट्रिब्युनलमध्ये दोनच वर्षं मागपर्यंत मागता येतात, त्यामुळे सहा वर्षांच्या कामाचे दोन वर्षांचेच मिळाले, हे मला अजून सलतं. पण त्या दोन वर्षांचे पूर्ण मिळाले, आणि निकालात दादाच्या वयाचा पूर्ण एक परिच्छेद होता.

२०२० मध्ये दुसऱ्या एका केसमध्ये ट्रिब्युनलने म्हटलं की हा नियम म्हणजे बायकांशी अप्रत्यक्ष भेदभाव आहे, कारण ही कामं मुख्यतः बायकाच करतात. आणि १ एप्रिल २०२४ ला नियमच रद्द झाला. त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्या आता एका केअर होममध्ये आहेत, ड्युटीवरून नुकत्याच आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे आता दुसऱ्या कुणाला विचारणार नाहीत ना, तू ताई म्हणायचीस का म्हणून?"

म्हटलं, नाही विचारणार.